विद्युत् वाहन अर्थसाहाय्य

विद्युत् वाहन विकत घेणाऱ्यास, ते वापरणाऱ्यास आणि त्यात वीज भरण्याची सोय उभारणाऱ्यास शासनाकडून मिळणारे अनुदान, करमाफी, शुल्कमाफी व वीजदरातील सवलत यांचा अंतर्भाव या संज्ञेत होतो. ज्याची चाके विद्युत् चलित्राने (मोटरीने) फिरतात आणि ज्याला लागणारी ऊर्जा वाहनातच बसविलेल्या, पुनःपुन्हा भरता येणाऱ्या विद्युत् घटमालेत (बॅटरीत) साठविलेली असते, अशा वाहनास येथे विद्युत् वाहन म्हटले आहे. बॅटरीत वीज भरण्याच्या क्रियेस भारण म्हणता येईल. परंतु व्यवहारात चार्जिंग हाच शब्द रूढ आहे. बॅटरीची क्षमता किलोवॉट-तास या एककात सांगतात. एक किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरील एक युनिट होय. साहाय्याची रक्कम बहुधा या क्षमतेवरून ठरत असल्यामुळे हे एकक प्रस्तुत विषयात महत्त्वाचे आहे.

आवश्यकता : पेट्रोल वा डीझेल वाहनाच्या तुलनेत विद्युत् वाहनाची खरेदीची किंमत अधिक व चालविण्याचा खर्च कमी असतो. किंमत अधिक असण्याचे मुख्य कारण बॅटरी हे आहे. पेट्रोल वाहनाचा मालक इंधनाचा खर्च वर्षानुवर्षे थोडाथोडा करतो. विद्युत् वाहनाच्या मालकास त्यातील मोठा भाग बॅटरीच्या रूपाने पहिल्याच दिवशी मोजावा लागतो. ज्याच्यापाशी रोख रक्कम नाही किंवा ज्यास स्वस्त व्याजाने कर्ज मिळत नाही, त्यास पुढे होणारी बचत कागदावर दिसली, तरी हाती लागत नाही. ही दरी काही काळापुरती भरून काढणे हा अर्थसाहाय्याचा प्रत्यक्ष हेतू असतो.

यामागे सार्वजनिक हिताचीही कारणे आहेत. भारतास लागणाऱ्या खनिज तेलापैकी सु. ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. वाहनांच्या धुराचा त्रास वाहनमालकापेक्षा रस्त्यावरील इतरांना अधिक होतो व त्याची किंमत इंधनाच्या दरात पूर्णपणे धरलेली नसते. शिवाय विद्युत् वाहने थोडी असताना चार्जिंग केंद्र चालविणे परवडत नाही आणि केंद्रे नसताना वाहन घेण्यास कोणी धजत नाही. हा पेच बाजाराकडून आपोआप सुटण्यास फार वेळ लागतो. म्हणून वाहन व केंद्र या दोहोंना एकाच वेळी साहाय्य देण्याचे धोरण बहुतेक देशांनी स्वीकारले आहे.

साहाय्याचे प्रकार : (१) खरेदी-अनुदान : वाहनाच्या किमतीतून ठराविक रक्कम वजा केली जाते व विक्रेता किंवा उत्पादक ती शासनाकडून वसूल करतो. (२) करसवलत : वस्तू व सेवा कर, मोटार वाहन कर, नोंदणी शुल्क वा आयकर यांत सूट मिळते. (३) वापरातील सवलत : पथकर, वाहनतळ-शुल्क किंवा परवाना यांतून वाहनास वगळले जाते. (४) चार्जिंगविषयक सवलत : विजेचा वेगळा दर व केंद्र उभारणीच्या खर्चाचा काही हिस्सा देण्यात येतो. (५) उत्पादकांना साहाय्य : बॅटरी व वाहन देशात तयार करणाऱ्या कारखान्यांना उत्पादनाच्या प्रमाणात प्रोत्साहन दिले जाते. भारतात अशा योजना २०२१ मध्ये जाहीर झाल्या. यांपैकी पहिला प्रकार लोकांच्या नजरेत अधिक भरतो. परंतु ग्राहकास मिळणारा एकूण लाभ पुष्कळदा दुसऱ्या प्रकारातून अधिक असतो.

इतर देशांतील अनुभव : या क्षेत्रात नॉर्वेचे उदाहरण सर्वांत जुने व ठळक आहे. तेथे १९९० पासून वाहन-नोंदणीच्या करात सूट देण्यास आरंभ झाला. १९९७ मध्ये पथकर माफ झाला व २००१ मध्ये मूल्यवर्धित करही माफ करण्यात आला. पेट्रोल वाहनांवर तेथे भारी कर असल्याने ही करमाफी रोख अनुदानापेक्षा प्रभावी ठरली. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारगाड्यांपैकी सु. ८९ टक्के गाड्या पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. हे प्रमाण वाढल्यावर सवलती टप्प्याटप्प्याने कमी करण्यात येऊ लागल्या. २०२३ पासून ५ लाख क्रोनरपेक्षा अधिक किमतीच्या भागावर मूल्यवर्धित कर लागू झाला. चीनमध्ये केंद्रीय खरेदी-अनुदान २०२२ अखेर बंद झाले. तोपर्यंत तेथील बॅटरी-उद्योग स्वतःच्या पायावर उभा राहिला होता. जर्मनीत २०१६ मध्ये सुरू झालेले अनुदान डिसेंबर २०२३ मध्ये अचानक थांबविण्यात आले आणि २०२४ मध्ये तेथील विद्युत् मोटारींची नोंदणी सु. २७ टक्क्यांनी घटली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ७,५०० डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत सप्टेंबर २०२५ अखेर संपुष्टात आली. साहाय्य किती दिले याइतकेच ते कसे मागे घेतले यालाही महत्त्व आहे, असे या उदाहरणांवरून दिसून येते.

भारतातील वाटचाल : नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये कारखाना-किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत मर्यादित अनुदान सुरू केले, ते मार्च २०१२ मध्ये थांबले. २०१३ मध्ये राष्ट्रीय विद्युत् वाहन योजनेचा आराखडा जाहीर झाला आणि १ एप्रिल २०१५ पासून ‘फेम’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी योजना अंमलात आली. तिचा पहिला टप्पा ३१ मार्च २०१९ पर्यंत चालला. दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ रोजी १०,००० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाला. पुढे तरतूद ११,५०० कोटी रुपये करण्यात येऊन तो ३१ मार्च २०२४ रोजी संपला. या टप्प्यात दुचाकी वाहने खाजगी मालकांनाही अनुदानासह मिळत. चारचाकी वाहनांसाठी मात्र ते व्यावसायिक वापरापुरते मर्यादित होते. बसगाड्यांसाठी प्रत्येक किलोवॉट-तासामागे २०,००० रुपये असा वेगळा दर होता.

त्यानंतर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२४ या काळात एक अल्पमुदतीची योजना राबविण्यात आली. १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपयांची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना सुरू झाली. त्यातील २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी राखून ठेवण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये या योजनेस मार्च २०२८ पर्यंत मुदतवाढ मिळाली. दुचाकी व तिचाकी वाहनांच्या अनुदानाची मुदत मात्र त्या वेळी ३१ मार्च २०२६ हीच ठेवण्यात आली. या योजनेत ग्राहकाच्या आधार क्रमांकाची खातरजमा करून त्याच्या भ्रमणध्वनीवर ई-व्हाउचर पाठविले जाते आणि ते ग्राहक व विक्रेता या दोघांच्या सह्यांनंतर ग्राह्य धरले जाते.

अनुदानाचा दर कसा बदलत गेला हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका विद्युत् दुचाकीची बॅटरी ३ किलोवॉट-तासांची व कारखाना-किंमत १,२०,००० रु. आहे असे समजू. एप्रिल २०१९ मधील दर प्रति किलोवॉट-तास १०,००० रु. व कमाल मर्यादा किमतीच्या २० टक्के असल्याने तिला २४,००० रु. मिळाले असते. जून २०२१ मध्ये दर १५,००० रु. व मर्यादा ४० टक्के झाली. त्यानुसार अनुदान ४५,००० रु. होते. जून २०२३ मध्ये दर पुन्हा १०,००० रु. व मर्यादा १५ टक्के झाल्याने ते १८,००० रुपयांवर आले. एप्रिल २०२४ पासून प्रति किलोवॉट-तास ५,००० रु. दर व वाहनामागे १०,००० रुपयांची मर्यादा होती, तर एप्रिल २०२५ पासून हे आकडे अनुक्रमे २,५०० रु. व ५,००० रु. झाले. म्हणजे चार वर्षांत त्याच वाहनाचे केंद्रीय अनुदान ४५,००० रुपयांवरून ५,००० रुपयांवर आले.

करसवलतींचा इतिहास याहून स्थिर आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत् वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के व चार्जिंग उपकरणांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. याउलट सर्वसाधारण पेट्रोल दुचाकीवर २८ टक्के कर होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घन सेंमी.पर्यंतच्या दुचाकींसाठी १८ टक्के झाला. त्यामुळे एक लाख रुपये मूळ किमतीमागे विद्युत् दुचाकीस मिळणारा करांतील लाभ २३,००० रुपयांवरून १३,००० रुपयांवर आला. विद्युत् वाहनाच्या करात काहीही बदल न होता केवळ प्रतिस्पर्धी वाहन स्वस्त झाल्याने सवलतीचे बळ घटते, याचे हे उदाहरण होय. आयकर अधिनियमाच्या कलम ८०-ईईबी अन्वये वाहनकर्जाच्या व्याजावर वर्षाला १,५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळे. ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. बॅटरीवर चालणाऱ्या व्यावसायिक वाहनांना २०१८ मध्ये परवान्यातून आणि सर्व बॅटरी-वाहनांना २०२१ मध्ये नोंदणी-प्रमाणपत्राच्या शुल्कातून सूट देण्यात आली.

महाराष्ट्र राज्याचे धोरण : राज्याने पहिले विद्युत् वाहन धोरण फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर केले. जुलै २०२१ मध्ये जाहीर झालेले दुसरे धोरण ३१ मार्च २०२५ पर्यंत लागू होते. त्यात दुचाकीस प्रति किलोवॉट-तास ५,००० रु. (कमाल १०,००० रु.), तिचाकीस कमाल ३०,००० रु. व पहिल्या दहा हजार मोटारगाड्यांना प्रत्येकी कमाल १,५०,००० रु. असे अनुदान होते. लवकर खरेदी करणाऱ्यांस जादा रक्कम मिळे. मोटार वाहन कर माफ होता. मंद गतीच्या चार्जरसाठी खर्चाच्या ६० टक्के (कमाल १०,००० रु.) व मध्यम किंवा शीघ्र गतीच्या चार्जरसाठी ५० टक्के (कमाल ५ लाख रु.) साहाय्य ठेवण्यात आले होते.

तिसरे धोरण मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केले. ते ३१ मार्च २०३० पर्यंतचे असून त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात अनुदान बॅटरीच्या क्षमतेवरून न ठरता वाहनाच्या किमतीवरून ठरते : दुचाकी, तिचाकी, खाजगी मोटारगाड्या व बसगाड्या यांना १० टक्के आणि मालवाहू तिचाकी, व्यावसायिक चारचाकी व विद्युत् ट्रॅक्टर यांना १५ टक्के. प्रत्येक वर्गासाठी कमाल रक्कम व वाहनांची संख्या ठरवून दिलेली आहे. मोटार वाहन कर माफीही चालू ठेवण्यात आली. पेट्रोल दुचाकीवर हा एकरकमी कर किमतीच्या सु. १० ते १२ टक्के असल्याने या एकाच सवलतीचे मोल ५,००० रुपयांच्या केंद्रीय अनुदानाहून अधिक भरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू व समृद्धी महामार्ग यांवरील विद्युत् मोटारी व बसगाड्यांचा पथकर ऑगस्ट २०२५ पासून माफ झाला. महामार्गांवर दर २५ किमी. अंतरात चार्जिंगची सोय करण्याचेही धोरणात म्हटले आहे.

सार्वजनिक वाहतुकीत राज्य मार्ग परिवहन महामंडळाने १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर ‘शिवाई’ ही आपली पहिली विजेवरील बस सुरू केली. याच मार्गावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली होती.

वीजदर व चार्जिंगचा खर्च : केंद्रीय विद्युत् मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये असे स्पष्ट केले की, वाहनात वीज भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे. त्यामुळे वीज-वितरणाचा परवाना नसताही कोणासही चार्जिंग केंद्र चालविता येऊ लागले. धाबा, पेट्रोल पंप वा किराणा दुकान यांच्या मालकांना या व्यवसायात उतरण्याची वाट अशा रीतीने मोकळी झाली. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केंद्राला लागणाऱ्या विजेचा दर सरासरी पुरवठा-खर्चाशी बांधलेला असून सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर-काळात तो त्याच्या ०.७ पट व इतर वेळी १.३ पट ठेवावयाचा आहे. मात्र केंद्रचालक जी सेवा देतो, तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. वाहनावर ५ टक्के आणि त्यात वीज भरण्याच्या सेवेवर १८ टक्के अशी ही विसंगती आहे. घरी वीज भरणाऱ्यास हा कर द्यावा लागत नाही.

महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाच्या आदेशांनुसार चार्जिंग केंद्रासाठी स्वतंत्र वर्ग आहे. परंतु मालकाने स्वतःचे वाहन स्वतःच्या जागेत भरल्यास त्या जागेचाच दर लागू होतो. घरगुती वर्गात १०० युनिटांपर्यंतचा दर कमी व त्यापुढील टप्प्यांचा दर चढता असतो. ज्या घराचा मासिक वापर ८० युनिट आहे, तेथे दुचाकीसाठी आणखी ४८ युनिट लागल्यास त्यातील पहिली २० युनिट स्वस्त दराने व उरलेली २८ युनिट वरच्या टप्प्याच्या दराने मोजली जातात. वाहनाचा खरा वीजखर्च काढताना घराच्या सरासरी बिलाऐवजी हा वरचा दर धरावा लागतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून वाहन भरणे हा मंजूर हेतूखेरीज अन्य वापर ठरतो आणि विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये त्याची आकारणी दुप्पट दराने होऊ शकते.

ग्रामीण भागातील स्थिती : अनुदानाचे नियम सर्वत्र सारखे असले, तरी त्यांचा लाभ सर्वत्र सारखा पोहोचत नाही. ही गोष्ट समजण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाका या गावाचे उदाहरण उपयुक्त आहे. हे गाव हिंगोली-वाशीम रस्त्यावर (राष्ट्रीय महामार्ग क्र. १६१), मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेलगत वसलेले असून अकोला-पूर्णा लोहमार्गावर तेथे स्थानक आहे. पूर्वी हैदराबाद संस्थान व वऱ्हाड यांची सीमा याच परिसरातून जात असे. येथील रहिवाशास कचेरी, बाजारपेठ, महाविद्यालय किंवा मोठा दवाखाना यांसाठी हिंगोलीस किंवा वाशीमला जावे लागते. त्यामुळे दुचाकीचा वापर ही येथे रोजची गरज आहे.

अशा गावातील दोन कल्पित ग्राहक घेऊ. पहिला नोकरीनिमित्त रोज जाऊन-येऊन ५० किमी. असे वर्षातून ३०० दिवस, म्हणजे १५,००० किमी. प्रवास करतो. दुसरा शेतकरी असून घर ते शेत असा वर्षाला ३,००० किमी. प्रवास करतो. पेट्रोल दुचाकी लिटरला ४५ किमी. धावते व पेट्रोलचा दर १०५ रु. आहे, विद्युत् दुचाकी एका युनिटात ३० किमी. धावते, भरताना १५ टक्के वीज जादा लागते व युनिटचा दर १० रु. पडतो, असे धरू. पहिल्या ग्राहकाचा पेट्रोलखर्च ३५,००० रु. व वीजखर्च ५,७५० रु. होतो, त्याची वार्षिक बचत २९,२५० रुपयांची आहे. दुसऱ्याचे हेच आकडे ७,००० रु., १,१५० रु. व ५,८५० रु. असे येतात. विद्युत् दुचाकी २५,००० रुपयांनी महाग असेल, तर पहिल्याची जादा रक्कम वर्षाच्या आत फिटते; दुसऱ्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. ५,००० रुपयांचे अनुदान मिळाल्यास पहिल्याचे दोन महिने वाचतात, तर दुसऱ्याचे सु. दहा महिने.

यावरून असे दिसते की, जो अधिक अंतर चालतो, त्यास अनुदानापेक्षा वापरातील बचतच अधिक मोलाची आहे. त्याची खरी अडचण ती बचत हाती पडेपर्यंत लागणारे भांडवल व वाटेत वीज मिळण्याची शाश्वती ही असते. जो कमी चालतो, त्यास अनुदानाची गरज अधिक. परंतु नवी दुचाकी घेण्याची ऐपत त्याचीच कमी असते व जुन्या वाहनास अनुदान लागू नसते. पहिल्या ग्राहकास घराऐवजी केंद्रावर युनिटला १८ रु. देऊन वीज घ्यावी लागली, तर त्याचा वार्षिक वीजखर्च १०,३५० रु. होतो. ही सु. ४,६०० रुपयांची वाढ खरेदीच्या वेळी एकदाच मिळणाऱ्या केंद्रीय अनुदानाच्या जवळजवळ बरोबरीची असून ती दरवर्षी सोसावी लागते. घरी वीज भरण्याची सोय, म्हणजे १६ ॲम्पिअरचा सुरक्षित जोड, योग्य भूसंपर्कन (अर्थिंग) व रात्री अखंड पुरवठा, ही म्हणूनच ग्रामीण ग्राहकास मिळू शकणारी मोठी सवलत ठरते. खेड्यातील घरास स्वतःचे अंगण असते, ही शहरातील सदनिकाधारकास सहसा न लाभणारी सोय त्याच्या बाजूची आहे.

केंद्रचालकाचा हिशेब वेगळा आहे. १० लाख रुपये खर्चून उभारलेल्या शीघ्र चार्जिंग केंद्रावर दररोज दोन मोटारी प्रत्येकी २० युनिट वीज घेतात व युनिटमागे ४ रु. शिल्लक राहतात, असे समजू. वर्षाची शिल्लक ५८,४०० रु. होईल व भांडवल फिटण्यास सु. १७ वर्षे लागतील. निम्मा खर्च शासनाने दिला, तरी साडेआठ वर्षे लागतील. दररोज दहा मोटारी आल्यास मात्र अनुदानाविनाही साडेतीन वर्षांत भांडवल सुटते. म्हणून शीघ्र चार्जिंग केंद्रे प्रथम महानगरांत व वर्दळीच्या महामार्गांवर उभी राहतात. २०२१ च्या राज्य धोरणातही केंद्रांची उद्दिष्टे बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अमरावती व सोलापूर या शहरांसाठी ठरविण्यात आली होती. पथकर-माफीचा पूर्ण लाभ ज्यावर मिळतो, तो समृद्धी महामार्ग शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून जातो. हिंगोली जिल्ह्यातून जात नाही. नाक्यासारख्या ठिकाणी शीघ्र केंद्रापेक्षा धाब्यावर वा बसथांब्याजवळ दुचाकी-तिचाकींसाठी बसविलेले दोन-तीन मंद चार्जर अल्प खर्चाचे व अधिक उपयोगी ठरू शकतात.

मर्यादा व टीका : अर्थसाहाय्यावर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला न्यायाचा आहे. अनुदानाचा पैसा सर्वांच्या करांतून येतो. त्यात जुनी पेट्रोल दुचाकी वापरणाऱ्या शेतमजुराने इंधनामागे दिलेला करही असतो. लाभ मात्र नवे वाहन घेऊ शकणाऱ्यास होतो. किमतीच्या टक्केवारीवर आधारलेल्या अनुदानास कमाल रक्कम ठेवण्याचे हे एक कारण आहे. महागड्या विद्युत् मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात मांडण्यात आला होता. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला.

दुसरा आक्षेप गैरवापराचा आहे. फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात दुचाकीची कारखाना-किंमत दीड लाख रुपयांच्या आत असणे आवश्यक होते. काही उत्पादकांनी चार्जरची किंमत वेगळी आकारून वाहन या मर्यादेत बसविल्याचे आढळले आणि २०२३ मध्ये ग्राहकांना ती रक्कम परत देण्याचे ठरले. देशी सुटे भाग वापरण्याची अट न पाळल्याबद्दल इतर काही उत्पादकांकडून अनुदानाची वसुलीही काढण्यात आली. तिसरा आक्षेप महसुलाचा आहे. रस्त्यांचा खर्च बव्हंशी इंधन व वाहने यांवरील करांतून भागविला जातो. विद्युत् वाहनांची संख्या वाढेल तसा हा महसूल घटेल व रस्त्यांसाठी दुसरा मार्ग शोधावा लागेल.

अर्थसाहाय्य हा तात्पुरता टेकू असतो, कायमचा आधार नव्हे, हे तत्त्व सर्वत्र मान्य झाले आहे. बॅटरीची किंमत उतरत गेली की, खरेदी-अनुदान कमी करणे सयुक्तिक ठरते. परंतु भारतात ते कमी होत असता शहरांत चार्जिंगची व्यवस्था बऱ्याच अंशी आकार घेऊ लागली होती. लहान गावांत ती नंतर पोहोचत आहे. ज्यांनी आधी वाहन घेतले, त्यांस ४५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळाले. ज्यांच्या गावी सोय उशिरा आली, त्यांच्या वाट्यास ५,००० रुपये किंवा त्याहून कमी रक्कम उरली. तेव्हा खरेदी-अनुदान संपल्यावरही घरगुती जोडणीची सुधारणा, अल्प व्याजाचे कर्ज, बॅटरीचे दीर्घ हमीपत्र आणि नाक्या-नाक्यावर मंद चार्जर यांसाठी साहाय्य चालू ठेवणे हा ग्रामीण भागाच्या दृष्टीने या धोरणाचा महत्त्वाचा उर्वरित भाग आहे.